मारेगाव–काठमांडू, मार्गे ढाणकी

परदेशप्रवासात प्रत्यक्ष निघणे ही सर्वांत गौण बाब आहे. निघायला किल्ली फिरवली की झाले. नियोजनाला मात्र अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, फ्लेक्स आणि दर रविवारी प्रत्येकी दोन चहा लागतात. ही जाण असल्यामुळेच ‘मारेगाव आंतरराष्ट्रीय दुचाकी मोहीम समिती’ने परदेशी जाण्याचे नियोजन एकूण सव्वीस सभांत पार पाडले. मी समितीचा सचिव. इतिवृत्त माझ्याच हातचे आहे, त्यामुळे त्यात चूक निघणार नाही.

पहिल्या तीन सभांत चार राजधान्यांचा विचार झाला. लंडन लांब पडते. थिंफू उपाध्यक्षांना उच्चारता येईना. कोलंबोला जाताना मध्ये समुद्र येतो (ही माहिती उशिरा मिळाली). काठमांडू परदेशात आहे, राजधानी आहे आणि मतदार ओळखपत्रावर जाता येते. ठराव एकमताने मंजूर.

समितीत पाच जण. अध्यक्ष भगवानराव, निवृत्त विस्तार अधिकारी; नोकरीत त्यांनी एकही दौरा कागदावर अपुरा ठेवला नाही. उपाध्यक्ष अमर, याचे मोबाइलचे दुकान. राजदीपचे कृषी केंद्र. तो तांत्रिक प्रमुख, कारण हेल्मेट फक्त त्याच्याकडे होते. मी. आणि उकंडाभाऊ, एसटीच्या आगारात चौतीस वर्षे मेकॅनिक. त्यांनी दुरुस्त केलेल्या गाड्या रोज कुठे कुठे जात. ते स्वतः नागपूरच्या पुढे गेलेले नव्हते.

उकंडाभाऊंना काचबिंदू झाला होता. आधी बाजूचे दिसणे जाते, मग समोरचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. लायसन डिसेंबरात संपणार होते आणि पुढच्या फॉर्मवर आपण सही करणार नाही, हेही डॉक्टरांनी सांगून टाकले होते. एरवी भाऊ सभेत बोलत नसत. चौथ्या सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “मले एक डाव बर्फाचा पहाड पाहाचा हाय. पुढच्या साली दिसन का नाही, सांगता येत नाही.”

मी इतिवृत्तात नोंद घेतली : ‘श्री. उकंडाभाऊ यांनी तेथील हवामानाविषयी विचारणा केली.’

मग मार्गाचा विषय निघाला. रस्ता सोपा आहे. मारेगावहून करंजी, करंजीच्या फाट्यावर उजवीकडे वळले की नागपूर, जबलपूर आणि तसेच वर. दीड हजार किलोमीटरच्या आत काठमांडू. हा मार्ग आम्ही अर्ध्या सभेत ठरवला आणि उरलेल्या बावीस सभा तो दुरुस्त करत बसलो.

अडचण सोयऱ्यांची होती. आपला माणूस ज्या गावात आहे त्या गावावरून न थांबता जाणे म्हणजे त्याला जिवंतपणी पाणी सोडणे, हे तर झालेच. पण एवढ्या लांब परदेशी निघालेल्याने वाटेत नसलेल्या वडीलधाऱ्यांच्याही पाया पडून जायला हवे. अमरची मावशी केळापूरला. म्हणजे करंजीहून उजवीकडे काठमांडू आणि डावीकडे मावशी. मावशीच्या पाया न पडता परदेशी गेलेल्या माणसाचे पुढे काय होते हे कोणालाच माहीत नाही, कारण तसा कोणी गेलेलाच नाही.

केळापूरला गेलो की राजदीपच्या सासरवाडीला, ढाणकीला, कळणारच. ढाणकी काठमांडूच्या अगदी विरुद्ध बाजूला येते, असे मी नकाशा उघडून दाखवले. राजदीपने नकाशाकडे पाहिलेही नाही.

“सासरवाडीले दिशा नसते, भाऊ,” तो म्हणाला.

हे अध्यक्षांना इतके पटले की त्यांनी आपले पुसदचे साडू, दिग्रसची पुतणी आणि दारव्ह्याचे एक मानलेले मामा मार्गात घालून घेतले. माझीही एक आत्या आर्णीला निघाली.

थांबण्याचे नियमही ठरले. चहाला चाळीस मिनिटे. नऊ ते चारच्या मध्ये पोचल्यास जेवण. ‘जेवण नको’ दोनदा म्हणायचे. तिसऱ्यांदा म्हटले की भांडण. जेवण झाले की ‘जरा पडा’ येते आणि पडले की मुक्काम होतो. सरासरी प्रतिसोयरा एकोणीस तास (वारलेल्या सोयऱ्यांच्या घरी सांत्वनाला बसणे धरून एकवीस).

उकंडाभाऊंना विचारले, तुमचे कोणी आहे का वाटेवर? त्यांची मोठी बहीण रुखमाबाई बुटीबोरीला, नागपूरच्या अलीकडे, हमरस्त्यालाच घर. आई गेल्यावर तिनेच भाऊंना वाढवले. ते तिला नुसते ‘बाई’ म्हणत. समितीला फार आनंद झाला, कारण काठमांडूच्या दिशेला राहणारे हे आमचे एकमेव माणूस होते. तिच्याकडचा मुक्काम अठराव्या दिवशी धरला.

दिवाळी आटोपल्यावर आम्ही निघालो. फ्लेक्स लागला, नारळ फुटले, अध्यक्षांनी परराष्ट्र संबंधांवर वीस मिनिटे भाषण केले. करंजीच्या फाट्यावर चार गाड्या डावीकडे वळल्या आणि पाचवी, उकंडाभाऊंची हिरवी, उजवीकडे.

केळापूरला मावशीने पाच ताटे वाढली. पाचवे निवत राहिले. मी रुखमाबाईंना फोन करून कळवले की भाऊ तुमच्याच बाजूने येत आहेत. त्यांनी पाटवडीचा रस्सा टाकला आणि ओट्यावर येऊन बसल्या. साडेअकराच्या सुमाराला हिरवी गाडी त्यांच्या समोरून गेली. थांबली नाही. चुकून पुढे गेला असेल, वळून येईल, म्हणून त्या दिवे लागेपर्यंत तिथेच बसून होत्या.

इकडे मोहीम यशस्वी झाली. तेवीस दिवस, सोळा सोयरे, नऊशे दहा किलोमीटर, अकरा टॉवेल-टोप्या, प्रत्येकी साडेतीन किलो वजनवाढ. काठमांडूपासून सर्वांत जवळचा मुक्काम : मारेगाव (निघण्याच्या आदल्या रात्रीचा). राजदीपच्या दुकानात रब्बीची गर्दी सुरू झाल्याने मोहीम दारव्ह्याहून परत फिरली. गावात सत्कार झाला. सत्कारात काठमांडूचा उल्लेख कोणी केला नाही, इतके आमचे लोक सभ्य आहेत.

उकंडाभाऊ आमच्या तीन दिवस आधीच काठमांडू करून परतले होते. वाटेत गॅरेजांतून झोपत गेले, कोणाचा क्लच, कोणाची चेन दुरुस्त करत. गावाने त्यांना एकूण एकेचाळीस प्रश्न विचारले, मी मोजले. अडतीस : बहिणीकडे काहून थांबले नाही? दोन : पेट्रोल काय भाव? एक : तिकडे तुरीची डाळ मिळते का?

भाऊंचे अडतिसांना एकच उत्तर होते, “बाजूचं दिसत नाही मले.” डॉक्टरांचा कागद जोडलेला असल्याने समितीने हा खुलासा मान्य केला. रुखमाबाईंनी केला नाही. त्यांनी भावाचा फोन उचलणे सोडले आहे.

डिसेंबरात लायसन संपले. हिरवी गाडी आता भाऊंच्या दारात भिंतीला टेकून असते. एकदा तिथे बसलो असताना मी पहाडाविषयी विचारले. गावात हे विचारणारा मीच पहिला, याची मला लाज वाटली.

“दिसला,” भाऊ म्हणाले. “ढगावानीच हाय. पण हालत नाही.”

मग मी काही न विचारताच भाऊ म्हणाले, “बाई बी दिसलती मले, ओट्यावर. थांबलो असतो तं अशा डोयानं तिनं मले पुढं जाऊ देलं नसतं.”

इतिवृत्तात ही नोंद नाही.

वाचकहो, तुम्ही आमच्या समितीला हसलात, त्याला हरकत नाही. पण रुखमाबाई दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या, तिथे तुमच्या मनात काय आले ते आठवा. पाच मिनिटे थांबला असता तर काय बिघडले असते, असेच ना? आमच्या बावीस सभांत याहून वेगळे काही बोलले गेले नव्हते. तुमचे नाव सदस्य म्हणून लिहून घेतले आहे. रविवारी या, आणि येताना आपल्या सोयऱ्यांची यादी आणा.