टिपणीस सर आणि एक पान दंड

टिपणीस सरांकडे किसणी मागायला गेलात तर ती मिळते, पण हातात पडण्याआधी 'टुक' असा आवाज होतो. किसणीच्या मुठीवर काळ्या रेघांची पट्टी चिकटवलेली आहे, साबणाच्या वेष्टनावर असते तशी. सर त्या पट्टीवर लाल उजेडाचं पिस्तूल धरतात, टुक होतं, आणि सर म्हणतात, "सात दिवस, मावशी." आठव्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर मेसेज येतो. 'आपल्याकडील किसणीची मुदत संपली आहे. कृपया परत करावी.' आमची दारं समोरासमोर आहेत. मधे चार पावलं.

मी एकदा विचारलं, "सर, हाक मारली असती तर?"

"हाक मारली की माणसाला वाईट वाटतं, मावशी. मशीनचं कोणी मनावर घेत नाही."

किती मनावर घेतात ते पुढे कळलंच.

सर आमच्या वर्तकनगरच्या शाळेत ग्रंथपाल आहेत. पिस्तूल शाळेचं. शनिवार-रविवार ते सवयीसाठी घरी आणतात, म्हणून त्यांची छत्री, शिडी, थर्मास, मिक्सरचं भांडं, सगळ्यांना रेघा आहेत. मी त्याच शाळेत तीस वर्षं सेविका होते. शिक्षण चौथी. आता घरीच असते, पण मंगळवारी आणि शुक्रवारी ग्रंथालयातली धूळ पुसायला जाते, कारण नवी मुलगी पुस्तकं आपटते आणि सरांना ते बघवत नाही. मला स्वतःला पुस्तकांचं काही कौतुक नाही. धूळ फार धरतात.

सर उंच, काडीसारखे. खिशाला चार पेनं, त्यातलं एक चालतं. लग्न केलं नाही. आई होती, ती सहा वर्षांपूर्वी गेली. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पण कोणी कुठलं पुस्तक नेलं ते बरोबर राहतं. मग ते तशीच हाक मारतात. "ए पाणबुडी, धावू नकोस." "ए जादूगार, चप्पल बाहेर." एका मुलीने सातवीत असताना आजोबांसाठी मधुमेहावरचं पुस्तक नेलं होतं. दहावी पास होऊन पेढे द्यायला आली तेव्हाही सर म्हणाले, "अरे वा, मधुमेह."

आणि एक. त्यांच्या लेखी पुस्तक कधी हरवत नाही. तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, "एवढी पुस्तकं गहाळ दिसतात, नावं कापून टाका की," तर सर म्हणणार, "गहाळ नाहीत, साहेब. बाहेर आहेत." वीस वर्षं बाहेर. मी म्हणायचे, "सर, त्याची रद्दी होऊन, पुड्या बांधून, भेळ खाऊन झाली असेल." सर माझ्याकडे असे बघायचे की मीच ती भेळ खाल्ली.

गेल्या वर्षी नव्या मोठ्या बाई आल्या. वाईट नाहीत. कामाच्या आहेत, आणि त्यांना खोल्या कमी पडतात. त्याच सुमारास संस्थेने शाळेला वीस टॅबलेट आणि ग्रंथालयाचा कॉम्प्युटर दिला. बाईंनी सरांना बोलावलं. मी बाहेरचा कठडा पुसत होते, म्हणजे ऐकत होते.

"सर, कॉम्प्युटरवर बघितलं मी. महिन्याभरात अकरा पुस्तकं गेली. त्यातली चार तुम्हीच नेलीत."

"मे महिना होता, बाई."

"जुलै होता, सर."

सरांनी खिशातली पेनं सरळ केली.

"दिवाळीपर्यंत बघते. मुलं आली तर ठीक. नाहीतर ती खोली डिजिटल वर्गाला द्यायची, पुस्तकं स्टेजमागे ठेवायची आणि तुम्ही ऑफिसात ॲडमिशनच्या खिडकीवर बसायचं. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत ना? पगार तोच."

त्या दिवशी सर माझ्या घरी आले. बसले नाहीत. "मावशी, मुलं का येत नाहीत?"

मी खरं तेच सांगितलं. "येतात की. पंखा चांगला आहे म्हणून येतात. तुम्ही 'शू' केलंत की जातात."

"मग मी काय करू?"

"शू करू नका."

"ते कसं शक्य आहे?" म्हणाले आणि गेले.

मग त्यांनी ठरवलं की कॉम्प्युटरला सगळं माहीत पाहिजे. जुन्या नोंदवह्या काढल्या, कापडी पाठीच्या, झुरळांनी कडा खाल्लेल्या, आणि रोज शाळा सुटल्यावर एकेक नाव टाइप करायला बसले. गणपतीच्या सुट्टीतही. पंचवीस वर्षांत पुस्तक नेऊन न आणलेल्या प्रत्येकाचं नाव. फोन नंबर मिळाले माजी विद्यार्थी मेळाव्याच्या यादीतून. मी म्हटलं, "मुलं यायला हवीत ती आताची. या बाप्यांची नावं कशाला?"

"यादी अर्धी कशी ठेवायची, मावशी?"

एका सोमवारी सकाळी सरांना चौथीतल्या सहा मुलांना आठवण पाठवायची होती. कॉम्प्युटरने विचारलं, निवडलेल्यांना की सर्वांना? सरांनी सर्वांना दाबलं. नंतर मला म्हणाले, "सहाच जणांना निवडायचं, बाकीच्यांना का वगळायचं, असं क्षणभर वाटलं." असा माणूस.

'आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. विलंब : आठ हजार दोनशे एक दिवस. कृपया परत करावे.' नौपाड्यातल्या एका डॉक्टरला पेशंट तपासताना हा मेसेज गेला. घोडबंदर रोडला ट्रॅफिकमधे अडकलेल्या एका कंपनीच्या साहेबाला गेला, त्याला वाटलं फसवणूक आहे, त्याने पोलिसांत देईन म्हणून शाळेत फोन केला. एक बाई रडायला लागल्या, कारण पुस्तक त्यांनी नाही, त्यांच्या बहिणीने नेलं होतं आणि मार मात्र तेव्हाही त्यांनाच बसला होता. ऑफिसचा फोन दुपारपर्यंत खाली ठेवता आला नाही. शेवटचा फोन संस्थेच्या अध्यक्षांचा. तेही आमच्याच शाळेचे. सहावीत भुतांच्या गोष्टींचं पुस्तक नेलं होतं.

मंगळवारी मी धूळ पुसायला गेले तर मोठ्या बाई ग्रंथालयातच उभ्या.

"सर, दिवाळीची वाट बघायला नको आता. तुम्हीच सांगा, मी अध्यक्षांना काय सांगू?"

"पुस्तक परत करायला सांगा," सर म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. मी कपाट क्रमांक तीनच्या मागे जाऊन हसले.

पण शनिवारी माणसं यायला लागली. आधी रिक्षावाला दिनेश आला, सीटखालून पुस्तक काढून. मग डॉक्टर. मग त्या बाई, बहिणीला हाताला धरून. कोणी पुस्तक पिशवीत घालून आणलं, कोणी मुलाला घेऊन आलं. कंपनीचा साहेब आला आणि म्हणाला, "सॉरी सर, ते पोलिसांचं रागात बोललो. दंड किती?"

सर गोंधळले. आठ हजार दिवसांचा दंड त्यांनी कधी कुणाकडून घेतला नव्हता, आणि पैशाचं त्यांना बोलता येत नाही. इकडे तिकडे बघितलं. टेबलावर टॅबलेट होता.

"एक पान," सर म्हणाले. "जे पुस्तक नेलंत त्यातलं एक पान मोठ्याने वाचा. मी यात भरून घेतो. तो दंड."

कुठून सुचलं कोण जाणे. साहेब घसा खाकरून वाचायला लागला. मराठी वाचायची सवय सुटलेली, जोडाक्षर आलं की ब्रेक लागायचा. त्याचा मुलगा शेजारी उभा राहून हसून हसून खाली बसला. सरांनी शू केलं नाही. हे मी लिहून ठेवते, कारण हे मी पहिल्यांदा बघितलं.

मग सगळ्यांना तोच दंड. अध्यक्ष आले, गाडी फाटकात, घाम पुसत. भुताचं पान वाचताना आवाज असा बारीक झाला की सर म्हणाले, "जरा मोठ्याने, मागच्या बाकापर्यंत." अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. दंड मलाही झाला. पंधरा वर्षांपूर्वी एक जाड पुस्तक लोणच्याच्या बरणीवर दाब द्यायला नेलं होतं, त्याचीही नोंद होती. मी वाचलं, पण त्यातला राजा एवढा बावळट निघाला की मधेच मला बोलावं लागलं. सरांनी तेही तसंच ठेवलं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर सरांनी एक चौकोनी ठिपक्यांची खूण चिकटवली, भाजीवाल्याकडे पैसे द्यायला असते तशी. टॅबलेट त्यावर धरला की त्या माणसाचा आवाज येतो. एक पान झालं की थांबतो. पुढचं हवं तर पुस्तक उघडा.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलं आली ती अध्यक्ष घाबरतात ते ऐकायला. मंगळवारी आपले बाबा कुठे अडखळतात ते ऐकायला. पान ऐन वेळी संपायचं, मग शिव्या देत पुस्तक न्यायची. टुक, टुक, टुक. सर दिवसभर पिस्तूल घेऊन उभे. "ए भूत, रांगेत ये." ज्यांच्या आईबापांनी कधी पुस्तक चोरलं नव्हतं ती मुलं घरी जाऊन भांडायला लागली. मग सरांनी त्यांच्याही आईबापांना बोलावलं. एकीची आजी आगरी गाणं म्हणून गेली, पान न वाचताच. "नियमात बसत नाही," सर म्हणाले आणि तेही एका पुस्तकावर चिकटवलं.

दिवाळीच्या आधी मोठ्या बाईंनी कॉम्प्युटर बघितला. बराच वेळ बघितला. "जूनपर्यंत राहू दे खोली," म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढंच मिळतं. सरांनी मान हलवली आणि पंख्याचं बटण बंद केलं, कारण बाकांवर कोणी नव्हतं.

मग सुट्टी लागली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या वेळेला, सरांच्या घरातून माणसांचे आवाज यायला लागले. बायका, बाप्ये, कोणीतरी हसलं. सरांकडे पाहुणे येत नाहीत. मला जरा रागच आला. समोर राहते मी, सांगायला काय झालं होतं. चकल्यांची ताटली घेतली आणि गेले. दार नुसतं लोटलेलं.

आत सर एकटे जेवत होते. वरण-भात. टेबलाभोवती चार खुर्च्या, आणि समोर पाच टॅबलेट पाण्याच्या तांब्याला, बरणीला टेकून उभे केलेले. दिनेश रिक्षावाला वाचत होता. त्याचं पान संपलं तसं सरांनी डाव्या हाताने पुढचा लावला.

मला बघून उठायला लागले. "चार्जिंगला आणलेत, मावशी. बंद ठेवले की बॅटरी खराब होते."

"चार्जिंगला आवाज लागतो का?"

सर परत बसले. भात कालवत राहिले. मग म्हणाले, "एका वेळी पाचच लावतो. सगळे लावले तर गलका होतो." आणि भाताकडेच बघत, "शाळा उघडायला अजून बारा दिवस आहेत."

एवढे दिवस मला वाटत होतं की हा माणूस पुस्तकांसाठी भांडतो आहे.

मी खुर्ची ओढली आणि बसले. म्हटलं, "त्या डॉक्टरला बंद करा. फार चावून चावून वाचतो. आजीचं गाणं लावा. आणि मला पान वाढा, मी जेवले नाहीये."

जेवले होते.

सर ताट आणायला आत गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. ताटं फळीवर धुतलेली होती, मला बसल्या जागेवरून दिसत होती. मी उठले नाही. चकल्या मोडून त्यांच्या ताटात ठेवल्या आणि आजी गात होती ते ऐकत बसले.