मेश्रामभाऊजींच्या पोरी

कोणाच्याही लग्नात पंगत रंगात आली की आमचे शेजारी मेश्रामभाऊजी घड्याळ पाहून उठतात. "पोरी उपाशी आहेत वहिनी, जातो मी." माझ्या नातीच्या लग्नात तर ताटात सांबारवडी तशीच टाकून गेले. नातीच्या सासूबाईंनी विचारलं, "किती मुली हो त्यांना?" मी म्हटलं, "घरी एकही नाही. कामावर लाखभर असतील."

भाऊजी प्रयोगशाळेत आहेत. पोरी म्हणजे पेशी. केसाहून बारीक रक्तनळ्यांना बाहेरून मिठी मारून बसतात, नाव पेरिसाइट. काचेच्या बशीत वाढवतात त्यांना. गुलाबी पाणी हेच त्यांचं जेवण. ते दिवसाआड बदलायचं, मग रविवार असो की पोळा.

मी सातवी शिकलेली, पण भाऊजींनी मला समजावल्याशिवाय सोडलं नाही. माझ्या दोडक्याच्या वेलापाशी उभं करून म्हणाले, "हा ताणा तारेले कसा धरून राहिला, पाहा. पोरी तशाच. शुगर वाढली का सोडून देतात. मग नळी पाझरते. डोळ्यात तर पहिले." एवढं बोलून ते आपल्या खिडकीकडे पाहत राहिले. आत कुसुम होती, त्यांची बायको. तिची शुगर जुनी, नजर अंधुक होत चाललेली.

यंदा त्यांनी एक औषध तपासायला घेतलं. साखर सगळ्याच बशांत वाढवली; अर्ध्यांत औषध, अर्ध्यांत नुसतं गुलाबी पाणी. कशात काय, ती यादी साहेबांच्या कपाटात. मी म्हटलं, "तुमच्याच पोरी, अन् तुम्हालाच सांगत नाहीत?"

"मले कळलं तर मी औषधवालीचेच लाड करीन ना!"

तीन महिने मोजणी चालली. परवा यादी उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गेले. "काहून भाऊजी, पेढे कुठं आहेत?"

ओसरीवर बसले होते, चष्मा नाकावर. "औषधवाल्यांनी धरून ठेवलं, वहिनी. गच्च." हसले, मग म्हणाले, "पण ते बशीत. माणसाच्या डोळ्यापर्यंत यायले लय वर्षं लागन."

मांडीवर कुसुमची सुयांची गादी होती. वीसेक सुया. एकेकीत दोरा ओवून ओळीनं टोचत होते, पांढरा, लाल, हिरवा. बोटांच्या अंदाजानं ती गोधडी शिवते हे सगळी गल्ली जाणते. सुया कोण ओवून ठेवतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आतून कुसुमचा आवाज आला, "पोरी जेवल्या का तुमच्या?"

"जेवल्या."

"मग लाल दोरा जरा जास्त ओवा. आज फुलं घालीन म्हणते."

भाऊजींनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडात धरली.