घरातला एक कोपरा

"अगं, एक कोपरा! घरातला फक्त एक कोपरा लागतो, बाकी काही नाही!"

तक्तेबहाद्दरांनी हे इतकं ठासून सांगितलं की बायकोने इस्त्री बाजूला ठेवली. आरोग्य धोरणाच्या कचेरीत त्यांना हे नाव पडलं होतं, कारण दोन तक्ते जोडल्याशिवाय ते कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा देत नसत. सध्या त्यांनी एकच ध्यास घेतला होता. किडन्या निकामी झालेल्यांना घरच्या घरी उपचार मिळायलाच हवेत! पोटात बसवलेल्या नळीतून औषधी द्रव आत सोडायचा, त्याने शरीरातली घाण ओढून घेतली की बाहेर काढायचा, झालं काम. दवाखान्यातल्या यंत्राला आठवड्यातून तीनदा बांधून घ्यायला नको.

या ध्यासामागे होता कचेरीचा ड्रायव्हर. बिचारा निम्मा आठवडा यंत्रापाशी पडून असायचा आणि कचेरीने त्याला बजावलं होतं, रोज येणार असशील तरच नोकरी. "साहेब, तुमच्या अहवालावर माझं सगळं आहे बघा," असं तो म्हणाला, त्या दिवसापासून तक्तेबहाद्दरांनी कंबर कसली होती. फक्त अहवाल मंजूर करणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई बधत नव्हत्या.

"मग त्यांना घरीच बोलवा," बायको म्हणाली, "आणि दाखवा तुमचा तो कोपरा."

"दाखवतोच! एका रुग्णाचं महिन्याचं सामान मागवतो, कोपऱ्यात रचतो, बाईंना चहा पाजतो आणि सही घेतो!"

रविवारी सकाळी ट्रक आला. हमाल खोकी आणू लागले आणि थांबेचनात! दिवाणखान्याचा कोपरा बघता बघता संपला. दुसरा संपला. मग भिंती संपल्या.

"अहो, गॅलरीत ठेवा ना!" बायको ओरडली.

"ऊन चालत नाही. खोक्यावरच छापलंय."

"न्हाणीघराशेजारी?"

"ओल चालत नाही."

"स्वयंपाकघरात?"

"उष्णता चालत नाही."

"म्हणजे जिथे जिथे मला बसावंसं वाटतं, तिथे तिथेच ह्याला ठेवायचं!"

दुपारपर्यंत सोफा गडप झाला. कपाट उघडेना. पलंगापर्यंत जायचं तर पोट आत घेऊन आडवं सरकावं लागे. पण तक्तेबहाद्दर हटणाऱ्यातले नव्हते. घामाघूम होऊन खोक्यावर खोकं चढवत ते म्हणाले, "कोपराच आहे हा. जरा ऐसपैस आहे, इतकंच."

एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी खोक्यांवरचा 'किडनी' हा शब्द वाचला आणि तक्तेबहाद्दरांच्या आत्याला फोन केला. आत्या तासाभरात हजर! आल्या आल्या एका खोक्यावर बसून तिने हंबरडा फोडला.

"माझी घे रे बाळा एक! दोन आहेत मला, एकीवर भागेल माझं!"

"आत्या, मला काही झालेलं नाही! हे संशोधन आहे!"

"सगळे असंच म्हणतात!" असं म्हणून आत्या जी गदगदून हलली, ती खालचं खोकं फुटलं, आतली पिशवी फुटली आणि फरशीवर ओघळ गेला. द्रव साखरेचा! पुसेपर्यंत घरातल्या यच्चयावत मुंग्या दर्शनाला आल्या.

त्याच मुहूर्तावर अध्यक्षबाई आल्या. त्यांना घेऊन आलेला ड्रायव्हर मोठ्या आशेने मागे उभा होता. दार आत्यानेच उघडलं आणि ती बाईंच्या कानात कुजबुजली, "जपून बोला. त्याचा अजून विश्वास बसलेला नाही."

बाईंचा चेहराच बदलला. त्या आडव्या होत, मुंग्या चुकवत आत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आधी बोलला असतात तर! आणा तो अहवाल. जसा आहे तसा मंजूर करते. घरी उपचार, सगळ्यांना, उद्यापासून!"

सही घेण्यासाठी तक्तेबहाद्दरांनी पेन पुढे केलंसुद्धा! तेवढ्यात त्यांची नजर ड्रायव्हरवर गेली. तो खोक्यांकडे वर-खाली बघत होता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हे सगळं एकट्याचं? आमच्या दोन खोल्या आहेत. ही खोकी आत आली तर आम्ही पाचजण कुठे जायचं?"

तक्तेबहाद्दरांचं पेन जागच्या जागी थांबलं. इतके दिवस ज्याच्यासाठी धडपडलो, त्याचं घर आपण एकदाही पाहिलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. आयती आलेली सही त्यांनी नाकारली.

"बाई, मी ठणठणीत आहे. आणि हा अहवाल चुकलाय. घरी उपचार हवेतच, पण सामान एकेका आठवड्याचंच द्यायचं. बाकीचा साठा रुग्णाच्या घराजवळ, कोरड्या, थंड जागी ठेवायचा. हे घातल्याशिवाय मी सही घेणार नाही!"

बाईंना आधी राग आला, मग हसू आलं. आत्याला मात्र अजूनही पटलं नव्हतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पहिला प्रयोग ह्या ड्रायव्हरवरच करू. पण जवळ कोरडी, थंड जागा आणायची कुठून?"

बायकोने ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, घर कुठे तुमचं?"

"इथेच, मागच्या गल्लीत."

बायकोने एक लांब सुस्कारा टाकला आणि फरशी पुसायचं फडकं नवऱ्याच्या हातात दिलं.

आता ड्रायव्हर रोज कामावर येतो. दर रविवारी आठवड्याचं सामान न्यायला साहेबांच्या घरीही येतो. परवा खोकी उचलताना तो खुशीत म्हणाला, "साहेब, तुमचंच खरं झालं! घरातला एक कोपरा पुरतो!"

"मी म्हणालोच होतो," तक्तेबहाद्दर म्हणाले आणि खोक्यांवरची आपली गादी त्यांनी मुकाट्याने गुंडाळून घेतली.