घासाघीस न करणारा पावणा

बारा हजार किंमत सांगितल्यावर समोरचा माणूस मुकाट्यानं "मान्य" म्हणतो, असा प्रकार बाळासो चौगुल्यांच्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात कधी घडला नव्हता. त्यामुळं इंटरनेट कॅफेतून श्रुतीनं छापून आणलेला कागद त्यांनी तिला दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र त्यांचं टाळकंच सरकलं.

"कमी करा म्हणला न्हाय?"

"न्हाय पप्पा. किंमत मान्य हाय असं लिवलंय सरळ."

"बघायला कवा येणार?"

"येणारच न्हाय. त्यो जहाजावर इंजिनीअर हाय म्हणं. परदेशात. चेक पाठवतो म्हणतोय."

"जहाजावर?" बाळासोंनी हातातली कपबशी खाली आदळली. "जहाजावर कडबाकुट्टी कशाला लागती गं त्याला? समुद्रात म्हशी बांधल्यात काय?"

आता यात श्रुतीचा काय दोष? गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बाळासोंनी दिवाळीत तिन्ही म्हशी विकल्या. कसबा बावड्यातला गोठा रिकामा झाला, आणि त्यात चारा बारीक करायची मोटरवाली कडबाकुट्टी तेवढी उरली. त्यांच्या बायकोनं, ललिताबाईंनी, त्या गोठ्याला चुना मारून घेतला. तिथं त्यांना शिवणाची खोली थाटायची होती. पिको-फॉलची मशीन दुकानात जाऊन ठरवूनसुद्धा आल्या होत्या, किंमत बरोबर बारा हजार. दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत थांबतो, मग दुसरं गिऱ्हाईक हाय." लग्नसराईच्या साठ साड्या बाईंनी पिको-फॉलसाठी लोकांकडून आधीच घेऊन ठेवल्या होत्या. त्या साड्यांचे गठ्ठे घरभर पसरले होते, आणि बाळासोंना झोपायला जेमतेम एक कुशी उरली होती. म्हणून श्रुतीनं जुन्या वस्तूंच्या फुकट जाहिराती छापणाऱ्या एका साइटवर कडबाकुट्टीचा फोटो टाकला. पोरीचं चुकलं काय?

पण बाळासोंचा संताप वेगळाच होता. वडगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांची हयात गेलेली. तिथं म्हशीचा सौदा म्हणजे अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम. आधी म्हशीला नावं ठेवायची, मग मालकाच्या अकलेला, मग रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, रागानं उठून जायचं, चहावाल्यापर्यंत जाऊन परत यायचं. असं झाल्यावर घेणारा खूश आणि देणाराही खूश. आणि हा कोण टिकोजीराव, न बघता, न उठता, न भांडता "मान्य" म्हणतो!

"लिही त्याला," ते गरजले. "म्हणावं, आधी यंत्र बघा, पातं गंजलंय म्हणा, धा हजार मागा. मी साडेअकरा म्हणतो. मग बघू."

"पप्पा, असं कुणी लिवतं व्हय?"

"का? रीतभात हाय का न्हाय काय जगात?"

श्रुतीनं निमूटपणे "एकदा प्रत्यक्ष बघून घ्या" एवढंच लिहिलं. उत्तर आलं, "गरज नाही, तुमच्यावर विश्वास आहे." हे ऐकून बाळासो आणखी भडकले. सख्खा मेहुणा त्यांच्यावर विश्वास ठेवत नव्हता, आणि हा जहाजावरचा ठेवतोय!

गुरुवारी कुरिअर आलं. पाकिटात चेक होता, बावन्न हजारांचा. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की बारा हजार तुमचे, उरलेले चाळीस हजार माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला आजच्या आज पाठवा, त्याचा खातेनंबर खाली दिला आहे, तो यंत्र न्यायला खोळंबला आहे.

ललिताबाईंचे डोळे विस्फारले. "अवं, आत्ताच्या आत्ता बँकेत जावा की! रविवार तोंडावर आलाय."

"काय म्हणून जाऊ?" बाळासोंचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "बारा सांगितलं तर बावन्न देतोय! मी काय भिकारी वाटलो त्याला? आन् वरचे चाळीस हजार पोचवाय मी त्याचा दिवाणजी हाय? ट्रान्सपोर्टवाल्याला स्वतः देता येत न्हाईत? हात मोडलंत त्याचं?"

आणि चेक भरण्याऐवजी तो नाचवत ते शेजारच्या सयाजीकडं गेले. सयाजी बँकेत नोकरीला. त्याच्यापाशी त्या जहाजवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, एवढाच बाळासोंचा बेत होता. सयाजीनं चेक उलटासुलटा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"बाळूकाका, वाचलासा! बोगस चेक हाय ह्यो. तुम्ही भरला असता, चार दिसांनी परत आला असता. तवर तुमच्या खात्यातलं खरं चाळीस हजार त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या घशात गेलं असतं. आन् ट्रान्सपोर्टवाला म्हंजे कोण? त्योच!"

"त्योच?" बाळासोंनी सयाजीच्या हातून चेक ओढून घेतला. म्हशींच्या पैशातले बरोबर बेचाळीस हजार त्यांच्या खात्यावर होते, श्रुतीच्या लग्नासाठी ठेवलेले.

"ध्यानात ठेवा काका. पैसं हातात खरं पडल्याबिगार वस्तू हलवायची न्हाय. आन् ठरल्यापेक्षा एक रुपाया जरी जादा कुणी दिला, तर समजायचं, चोर हाय."

"आन् घासाघीस करत न्हाय त्योबी चोर," बाळासोंनी आपल्या पदरची भर घातली. "मी पहिल्याच दिवशी वळखलं हुतं!"

पुढचे दोन दिवस चहाच्या टपरीवर बाळासोंशिवाय कुणाला बोलायची सोयच उरली नाही. चोर कसा ओळखावा यावर ते येणाऱ्याजाणाऱ्याला धरून व्याख्यान देत होते. सयाजीची दोन कलमं ते पाच मिनिटांत उरकत आणि स्वतःच्या कलमाला अर्धा तास घेत.

आणि रविवारी सकाळी राधानगरीहून एक टेम्पो दारात येऊन थांबला. त्यातून पांढऱ्या शर्टातले, चष्मा लावलेले धम्मपाल कांबळे उतरले. हायस्कुलात गणित शिकवायचे. घरी बायकोनं पाच म्हशींची डेअरी काढलेली. जाहिरात बघून त्यांनी आदल्या दिवशी फोन केला होता. ललिताबाई तेवढ्यातच मशीनवाल्याकडं गेल्या होत्या, "दुपारी पैसे आणते, कुणाला देऊ नका" हे त्याला बजावायला.

कांबळे सरांनी कडबाकुट्टीकडं एकदा बघितलं, मोटर चालू करून बघितली, खिशातून लिफाफा काढला आणि म्हणाले, "छान आहे. बारा हजार ना? घ्या, मोजून घ्या."

बाळासो तीन पावलं मागं सरले.

"कमी करा म्हणणार न्हाई तुमी?"

"जाहिरातीत बारा लिहिलेत. मला योग्य वाटले."

"श्रुती!" बाळासो ओरडले. "सयाजीला बोलीव! पळ!"

सयाजी आला, त्याच्यामागं निम्मी गल्ली आली. सयाजीनं नोटा उजेडात धरून बघितल्या. "काका, नोटा खऱ्या हाईत."

"माणूस खरा हाय का?"

"अहो, मास्तर आहे मी!" आता सरांचाही पारा चढला. "एकवीस वर्षं नोकरी झाली! हे ओळखपत्र बघा. सुट्टीच्या दिवशी साठ किलोमीटर आलोय, ते चोर म्हणवून घ्यायला?"

"मग मास्तर, कमी करा म्हणाय जीभ झडती काय तुमची?"

"मला घासाघीस जमत नाही!"

"मग मला इकायबी जमत न्हाय! जावा!"

टेम्पोवाला गुंडू केव्हापासून हॉर्न वाजवत होता. तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "सर, म्हणा की अकरा. काय जातंय तुमचं?"

सरांनी चष्मा पुसला. "बरं बाबा. अकरा हजार."

बाळासोंचा चेहरा उजळला. "आत्ता कसं बोलला! अकरा? अकरात नुसती मोटर येत न्हाय, पावणं! पावणेबारा."

"पातं गंजलंय तुमचं," सर रागारागात म्हणाले. "दहा."

"अरारारा! बघा रं, मास्तर काय म्हणत्यात! गंज हाय व्हय ह्यो? रंग हाय रंग!"

"पट्टा झिजलाय. एक पाय हलतोय. साडेआठ. नाहीतर चाललो मी."

सर खरंच चालू लागले. ते नाटक नव्हतं, ते मनापासून वैतागले होते. पण बाळासोंना गहिवरून आलं. असा अस्सल उठून जाणारा माणूस त्यांनी वडगाव सोडल्यापासून बघितला नव्हता. त्यांनी पळत जाऊन सरांचा हात धरला.

"साडेआठ तर साडेआठ! शब्द दिला!"

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सरांनी लिफाफ्यातून साडेआठ हजार मोजून दिले. यंत्र टेम्पोत चढलं, आणि नेमक्या त्याच वेळी ललिताबाई दारात उभ्या राहिल्या.

"चोर न्हवता बरं का," बाळासो छाती काढून म्हणाले. "पुरी खात्री करून घेतली."

बाईंनी नोटा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "आन् बाकीचं?"

श्रुतीनं घडलेलं सगळं सांगितलं. ललिताबाई ओरडल्या नाहीत. त्या खालीच बसल्या आणि साड्यांच्या गठ्ठ्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "चोराला तुम्ही एक पैसा दिला न्हाईसा. आन् भल्या माणसाकडनं साडेतीन हजार घेतलं न्हाईसा. माझी मशीन गेली की वं!"

कांबळे सर टेम्पोत चढता चढता थबकले. ते मागं आले आणि उरलेल्या पैशांचा लिफाफा पुढं केला. "वहिनी, मी बारा द्यायलाच आलो होतो. हे ठेवा."

बाळासो ताडकन पुढं आले. डोळे लाल, गळ्याच्या शिरा ताठ.

"ठरल्यापेक्षा जादा पैसं! सयाजी, काय म्हणला हुतास? चोर! धरा त्याला! पोलीस बोलवा!"

ललिताबाईंनी लिफाफा घेतला, सरांना हात जोडले, आणि चपला पायात सरकवल्या.

"बोलवा की पोलिसांस्नी," त्या जाता जाता म्हणाल्या. "आलं म्हंजे सांगा, मुद्देमाल बायको घेऊन मशीनच्या दुकानात गेलीया."