ओंडक्याचा गुरुवार

विमलबाई खरवंडीकरांच्या सुनेनं बनवलेल्या शर्यतीच्या ट्रॅकवरचा झुलता ओंडका गुरुवारी कोणालाही धडक देत नसे, कारण तो मार्गशीर्षातले गुरुवार करत असे.

सून ऋचा घरी बसून कॉम्प्युटरवर शर्यतीच्या खेळाचे ट्रॅक बनवते. आधी रस्ता आखायचा, मग जागोजागी हलते अडथळे मांडायचे आणि प्रत्येकाला वजन, वेग, घर्षण नेमून द्यायचं. एकदा नेमून दिलं की अडथळा भौतिकशास्त्राच्या नियमानं वागतो. ओंडक्याला तिनं भरभक्कम वजन देऊन साखळीनं कमानीला टांगलं होतं. आलेल्या गाडीला खालच्या पाण्यात ढकलणं हे त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा.

व्रताची गोडी त्याला लागली ती विमलबाईंमुळेच. महालक्ष्मीची कहाणी वाचायची तर ऐकायला समोर कोणीतरी हवं. ऋचाच्या कानांवर दिवसभर हेडफोन, आणि मुलगा कामावर. तेव्हा पहिल्या गुरुवारी विमलबाई कॉम्प्युटरसमोरच पाट मांडून बसल्या आणि वाचू लागल्या. कहाणी संपली तेव्हा ओंडका झुलायचा थांबला होता.

"आई, मीही धरू का हे व्रत?" त्यानं विचारलं. ऋचा आई म्हणते म्हणून तोही आई म्हणे.

"धर की बाबा. पण उपास कसला करणार? तू खात तर काहीच नाहीस."

ओंडक्यानं थोडा विचार केला. "माझं पोट धडकेवर आहे. गुरुवारी धडक बंद."

मागणं काय आहे ते त्यानं सांगितलं नाही, आणि विमलबाईंनीही विचारलं नाही. मागणं सांगायचं नसतं.

गुरुवारमागून गुरुवार नीट पार पडले. गाड्या कमानीखालून सुखरूप जाऊ लागल्या आणि तिकडे खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाढू लागल्या. शेवटच्या गुरुवारी, ऐन उद्यापनाच्या दिवशी, खेळाच्या कंपनीकडून चौबळ नावाचे तपासनीस दारात उभे राहिले. विमलबाईंनी त्यांना पाणी दिलं. चौबळांनी खुर्ची ओढून ट्रॅक पाहिला.

"अडथळा हलत नाहीये."

"उपास आहे त्याचा," विमलबाई म्हणाल्या.

"रजेचा अर्ज केला होता?"

"अहो, रजा कसली? कामाच्या जागीच आहे की तो. टांगलेलाच आहे."

चौबळांनी हे मान्य केलं. "तरीपण काकू, धडक न देणारा अडथळा ट्रॅकवर ठेवता येत नाही. दिवेलागणीपर्यंत नाही हलला तर मला तो पुसावा लागेल."

ऋचानं हेडफोन काढले. "आई, एकदाच देऊ दे ना त्याला. अगदी हळूच."

"हळूच साबुदाण्याऐवजी भात खाल्ला तर उपास राहतो का गं?"

साखळी थरथरली. "मी देतो धडक, आई," ओंडका म्हणाला. "उगाच माझ्यापायी वहिनींचं काम जायचं."

"तू गप्प लटक. घरात कलश मांडलाय, आणि शेवटच्या गुरुवारी व्रत मोडायला निघालायस!" विमलबाईंनी पदर खोचला. "चौबळसाहेब, नियम काय आहे तो नीट सांगा मला."

"कमानीखाली अडथळा हवा. तो हलता हवा, त्याला वजन हवं, आणि टक्कर झाली की दोघांनीही भौतिकशास्त्राप्रमाणे वागायला हवं."

"ओंडकाच हवा असं आहे?"

चौबळांनी नियम मनातल्या मनात दोनदा वाचला. "तसं नाही."

"मग मी उभी राहते. घरात कोणाला जमत नसेल तर दुसऱ्यानं त्याचं करायचं असतं."

"पण तुमचाही उपास आहे ना आज?"

"माझा अन्नाचा आहे. धडकेचा नाही."

ऋचानं अडथळ्यांच्या यादीत नवी जागा उघडली. "आई, वजन?"

"एकाहत्तर किलो. उपासाचं सत्तर लाव."

"घर्षण?"

"टाक पुष्कळ."

"लवचीकता?"

"शून्य."

"ते मला माहीत होतं," ऋचा म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

विमलबाई कमानीखाली उतरल्या. देव्हाऱ्यापासून गॅसपर्यंत जितकं अंतर, तितकं अंतर त्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालू लागल्या. वर ओंडका निश्चल लटकला होता. पहिली गाडी भरधाव आली, विमलबाईंना धडकली आणि उलटून पाण्यात गेली. विमलबाईंचा पदर थोडा सरकला, तो त्यांनी नीट केला. दुसरी गाडी वळसा घालायला गेली, पण तोवर विमलबाई त्या बाजूला पोचल्या होत्या. तीही पाण्यात गेली.

मग लाल गाडी आली. ही कधीच कोणाकडून हरली नव्हती. तिनं लांबूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"काकू, बाजूला व्हा!" चौबळ खुर्चीतून उठले. "तिचा वेग फार आहे!"

"असू दे. घाई तिला आहे, मला नाही."

टक्कर झाली. कमान हादरली, साखळी खणखणली, ओंडक्यानं सगळा जीव एकवटून स्वतःला झुलू दिलं नाही. लाल गाडी जागच्या जागी थांबली होती. विमलबाईही. दोघींमध्ये बोटभर जागा नव्हती, आणि मागे सरकली ती लाल गाडी.

"भौतिकशास्त्राप्रमाणे आहे?" विमलबाईंनी विचारलं.

चौबळांनी आकडे तपासले. "आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी ट्रॅक मंजूर केला.

दिवे लागले. विमलबाईंनी तिथेच आरती केली. गाड्या रांगेत थांबल्या. पाण्यात गेलेल्याही निथळत वर आल्या होत्या. उद्यापनाची फळं विमलबाईंनी ओंडक्याच्या वतीनं वाटली. लाल गाडीला केळं मिळालं, चौबळांना डाळिंब. ओंडक्याच्या सालीला एका जागी हिरवा कोंब दिसत होता. त्यानं काय मागितलं होतं ते कोणी विचारलं नाही.

चौबळ चपला घालत असताना पुढच्या वळणावरचं लोखंडी पिंप गडगडायचं थांबलं. "आई," ते संकोचून म्हणालं, "सोमवारी तुम्हाला वेळ असतो का?"

"असतो की," विमलबाई म्हणाल्या. "ऋचा, घर्षण थोडं वाढव बाई. तिथे उतार आहे."