मंगळावर मेकॅनिक न्हाई

आमचे शेजारी जोंधळेकाका दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ घालतात. गळ्यात दोरीला अडकवलेले दोन चष्मे, खिशात दोन पेनं, पावसाळ्यात काखेत दोन छत्र्या. नवा माणूस आधी त्यांच्या घड्याळांकडे बघतो, मग हळूच आमच्याकडे.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि नांदेडला आमच्या शेजारी राहायला आले. तेव्हापासून त्यांचं सगळं चित्त दूरच्या ग्रहांवर जाणाऱ्या बिनमाणसाच्या यानांपाशी. कुणाचं चाक रेतीत रुतलं, कुणाची अँटेना उघडलीच नाही, हे त्यांना भावकीतल्या बातम्यांसारखं ठाऊक असतं. मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून मला ते 'सर' म्हणतात. घड्याळांचं विचारलं तेव्हा म्हणाले, "सर, यानात कामाची वस्तू डबल असती. एक बंद पडली की दुसरी चालू. मंगळावर मेकॅनिक न्हाई."

पण यानाला वजनही चालत नाही, आणि इथं काकांची पंचाईत होते. लातूरला मुलीकडे निघाले की ते पिशवीतली एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतात. एकदा तर टूथब्रशची दांडी करवतीनं अर्धी कापली.

"वजन वाढलं की इंधन वाढतं, इंधन वाढलं की पुन्हा वजन वाढतं. लई बेकार चक्कर हाय," असं म्हणत त्यांनी त्याच पिशवीत दोन बॅटऱ्या आणि दोन कुलपं भरली.

काकू दारात उभ्या होत्या. "सगळं डबल घेता, मग बायको एकच कशी केलीत?"

मला वाटलं, आता काका अडकले. ते पिशवीची चेन ओढत म्हणाले, "काही पार्टला जोडी बसवताच येत न्हाई. ते जपून वापरावे लागतात."

काकू आत गेल्या. त्या दिवशी चहा न मागता आला.

भर मे महिन्यात, एका दुपारी बाराला, काकांनी मला गच्चीवर नेलं होतं. बोटभर दिवा लावणारी एक छोटी सोलर पाटी त्यांनी काकूंच्या जुन्या लुगड्याच्या घड्यांखाली झाकली होती. घडीवर घडी चढवत गेले, तसा दिवा विझत गेला. "गुरूजवळ आपल्या उन्हाचा पंचविसावा हिस्साबी न्हाई मिळत. तेवढ्यावर यान चालवून राहिलेत लोक!" नांदेडच्या त्या उन्हात माझे पाय भाजत होते आणि काकांच्या अंगावर काटा आला होता. मला मात्र त्या क्षणी गुरूवर जावंसं वाटत होतं.

इस्लापूरच्या शाळेत माझा एक जुना विद्यार्थी मास्तर आहे. त्यानं काकांना व्याख्यानाला बोलावलं. काकांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळी शाळा मैदानात काढली आणि हेडमास्तरांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. हेडमास्तर भारदस्त, परीटघडीचे कपडे. "हे आपलं यान," काका म्हणाले. मग स्वतःपासून हेडमास्तरांपर्यंत पोरांची रांग लावली. काकांनी पहिल्या पोरीच्या कानात निरोप सांगायचा. प्रत्येकानं मनात दहा अंक मोजायचे, मगच पुढच्याला सांगायचं. ओरडायचं बिलकुल नाही.

"चालत राहा," हा पहिला निरोप पोहोचला. हेडमास्तर निघाले. तेवढ्यात उघड्या फाटकातून कुणाची तरी म्हैस आत आली आणि बरोबर त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"थांबा!" काकांनी पहिल्या पोरीला सांगितलं. पोरगी शहाणी. तिनं शांतपणे दहा मोजले. दुसऱ्यानंही मोजले. निरोप सहाव्या पोरापाशी होता तेव्हा हेडमास्तरांचा हात म्हशीच्या पाठीवर पडला. हेडमास्तरांनी पाठ चाचपली, थोडा विचार केला आणि स्वतःच वळसा घालून पुढे गेले. आणि शेवटच्या पोरानं मागून धावत जाऊन सांगितलेलं 'थांबा' त्यांना मिळालं ते नेमकं नळाखालच्या चिखलात. ते आज्ञाधारकपणे तिथंच थांबले.

काका नाचायचेच बाकी होते. "बघितलं का? मंगळावर निरोप जायला कधी कधी वीस मिनिटं लागतात. तवर म्हैस थोडीच थांबून राहती! म्हणून सगळी अक्कल यानात आधीच भरून पाठवावी लागती. हेडमास्तरसाहेब, तुम्ही एक नंबर यान आहात!" घोट्यापर्यंत चिखलात उभ्या त्या माणसाचा चेहरा असा फुलला की जणू आदर्श शिक्षक पुरस्कार मिळालाय.

मध्यंतरी परदेशातलं एक यान मंगळावर उतरणार होतं. सकाळी आम्ही दोघं काकांच्या बैठकीत टीव्हीपुढे बसलो. उतरायला थोडं अंतर राहिलं आणि यान गप्प झालं. ते कायमचंच. लगेच टीव्हीवर चार जण चूक कुणाची यावर भांडू लागले. काकांनी टीव्ही बंद केला.

दुपारी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. "सर, त्या यानवाल्यांना इंग्रजीत एक पत्र लिहून द्या."

"काय चुकलं ते कळवायचंय?"

"न्हाई, न्हाई. फक्त विचारा, तुम्ही जेवलात का."

मी हसलो. काका हसले नाहीत.

"माझ्या हद्दीत एकदा सिग्नल फेल झाला होता, सर. मालगाडी रुळावरून उतरली. कुणाला लागलं न्हाई, पण चौकशी चार महिने चालली. शेवटी निघालं की वीज पडून आतली वायर जळाली होती. चार महिने जो तो विचारायचा, जोंधळे, कुठं गलती केली? मी जेवणाचा डबा न्यायचो आणि बाहेर कुत्र्याला घालून रिकामा घरी आणायचो. हिला वाटायचं, भाजी आवडली. एवढ्या लोकांत एकानं विचारलं न्हाई, की बाबा, जेवलास का?"

"काकूंना सांगितलं नाहीत?"

"आजवर न्हाई."

मी पत्र लिहिलं. काकांनी ते माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं आणि खाली देवनागरीत सही केली. दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"अजून एक ओळ टाका. सकाळी टीव्हीवर त्या यानवाल्यांत निळ्या शर्टातल्या एक ताई टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांना घरी सोडायला कोणी सोबत गेलं होतं का?"

मी पेन उघडलं आणि ती ओळ काकांच्या सहीखाली आधी मराठीतच लिहिली.