‘जातो’ म्हणायचं नाही

कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. मला लालबागची आठवण येत नाही. पर्थला येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि दर रविवारी फोनवर मी बाबलकाकांना सांगत आलो की फार आठवण येते. ते खोटं होतं.

बाबलकाका म्हणजे चाळीतले आमचे शेजारी. एकटा जीव. आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर मसाल्याच्या दुकानात लागले. ते जिन्यात शेजारून गेले की माणूस शिंकायचा. त्यांचं वेड एकच: त्यांच्यासमोर निघताना कुणी ‘जातो’ म्हणायचं नाही.

आता ‘येतो’ म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पण काकांनी त्या रीतीवर पहारा बसवला होता. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. एकदा सिलिंडरवाला “जाता हूं” म्हणून उतरायला लागला, तर त्याला खालून परत वर बोलावलं आणि “आता हूं” म्हणायला लावलं. तो बिचारा अर्धा तास मजल्यावर विचारत फिरला, दुसरा सिलिंडर नक्की कुणाला हवाय.

“अरे, गणपतीक पाण्यात सोडताना पण आपण ‘या’ म्हणतो. ‘जा’ म्हणतो काय?” काकांचा सवाल. “मग हो कोण लागून गेलो?”

सूट तिघांनाच होती. डॉक्टर, पोलीस आणि विमा एजंट. माझ्या आईला तपासून डॉक्टर एकदा सवयीने “येतो हं” म्हणाले. काकांनी हात जोडले. “तुमी जावा. अगदी बिनघोर जावा.”

मी निघालो त्या दिवशी त्यांनी टॅक्सीच्या खिडकीत डोकं घालून माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मी तीनदा ‘येतो’ म्हणालो आणि गेलो.

मग फोन सुरू झाले. शेवटी माझ्या तोंडून ‘बाय’ निघून गेलं की काका म्हणायचे, “बाय माझी भैण. ती कणकवलेक ऱ्हवता. तू येतो म्हण.” इथले लोक निघताना ‘सी यू लेटर’ म्हणतात, म्हणजे नंतर भेटू, हे कळल्यावर त्यांनी अख्ख्या ऑस्ट्रेलियाला पास करून टाकलं. “बरी माणसा हत.”

कधीकधी गॅलरीत जाऊन ते फोन बाहेर धरायचे. “ऐक जरा. तुका थंय ह्या मिळाचा नाय.” टेम्पोचा हॉर्न, तीन घरांतले कुकर, नळावरचं भांडण. मी फोन कानापासून लांब धरून म्हणायचो, “वा, काका. जीव तळमळतो.”

खरं सांगायचं तर मला इथे एकच गोष्ट आवडली, आणि तिच्यापायी मी राहिलो. इथे दार लावता येतं. चाळीत दिवसा दार लावलं की त्याचे अर्थ तीनच: भांडण, आजार किंवा मटण. आणि तिन्हींची चौकशी करायला माणसं यायची. इथे मी दार लावून नुसता बसतो. आत काय चाललंय, कुणी विचारत नाही. पहिल्या वर्षी तर मी ऑफिसातून आलो की दार लावायचो, उघडायचो, परत लावायचो. हे काकांना कुठल्या तोंडाने सांगणार?

आई गेली, आमची खोलीही गेली. चार वर्षांपूर्वी गणपतीला काकांकडे उतरायचं ठरलं. रजा मिळाली होती, तिकीट काढलं होतं. बॅग भरायला घेतली आणि डोळ्यांपुढे पंधरा दिवसांचं सताड उघडं दार आलं. मी तिकीट रद्द केलं आणि काकांना सांगितलं, विमानच रद्द झालं.

“यंत्रच ता. बिघडायचाच,” काका म्हणाले.

पुढे कधीतरी त्यांची पुतणी सुजाता सहज बोलून गेली. काकांच्या खोलीचं दार फुगलेलं होतं, ते वर्षानुवर्षं लागायचंच नाही. त्या गणपतीआधी काकांनी सुतार बोलावून ते तासून घेतलं आणि आतून नवी कडी बसवली. सगळी चाळ विचारायला आली, बाबल, काय झालं? काका म्हणाले, “तेका दार लावन बसाची सवय झाली आसतली.”

मी त्यांना दाराबद्दल कधीच काही बोललो नव्हतो.

गेल्या रविवारी फोन केला. काका पडलेत, खुबा मोडलाय, अंथरुणावर आहेत. आवाज बारीक झालाय. गॅलरीत जाता येत नाही, म्हणून लालबाग ऐकवलं नाही. थोडं बोलून दमले आणि म्हणाले, “बरा तर. जातंय.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “काका, येतो म्हणा.”

“मी खंय येतलंय? येवचा तुका हा.” मग म्हणाले, “कडी नवीच हा अजून. कोणी लावूक नाय.”

त्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. माझ्याकडे त्यांचं एक येणं बाकी आहे.